निकाल कोणाच्या बाजूने लागला?

नेदरलँड्समधील हेग या नगरीत, शांतिप्रासाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत, १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष न्यायमूर्ती अब्दुलकवी युसूफ यांनी कुलभूषण जाधव प्रकरणातील निकालपत्राच्या वाचनास प्रारंभ केला, तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजले होते. आणि त्यानंतर थोड्याच वेळात सरहद्दीच्या अलीकडे भारताच्या विजयाचा व पलीकडे पाकिस्तानच्या विजयाचा असे दोन परस्परविरोधी जयघोष, एकाच निकालपत्राचा हवाला देत, समाजमाध्यमांतून उमटू लागले. दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी त्या निकालाचे जाहीर स्वागत केले. पक्षकारांपैकी एकाने तरी तोंड पाडून बसावे, हा कोर्टकचेरीचा सनातन नियम त्या दिवशी साफ मोडला.

नवल असे की, या दोन घोषांपैकी एकही सर्वस्वी खोटा नव्हता. भारतीय नौदलाचे माजी अधिकारी असलेल्या, मुंबईच्या पवई भागात ज्यांचे कुटुंब राहते अशा जाधवांना अटक केल्यावर त्यांचे हक्क त्यांना विनाविलंब सांगितले नाहीत व भारतीय वकिलातीला त्यांची भेट घेऊ दिली नाही, त्यामुळे पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या अनुच्छेदाचा भंग केला, असे न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक अशा मताधिक्याने ठरविले. ते एक मतही पाकिस्तानने या खटल्यापुरत्या नेमलेल्या तदर्थ न्यायाधीशांचे होते. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने दिलेल्या देहान्त शिक्षेचे परिणामकारक पुनर्विलोकन व्हावे आणि ते होईतो शिक्षेची अंमलबजावणी तहकूब राहावी, असाही हुकूम झाला. परंतु ती शिक्षा रद्द करावी, जाधवांना मुक्त करावे व त्यांना सुखरूप मायदेशी पाठवावे, या भारताच्या मागण्या न्यायालयाने मान्य केल्या नाहीत. कारण त्या न्यायालयाचा अधिकार केवळ त्या करारापुरता मर्यादित होता आणि शिक्षा योग्य की अयोग्य हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. धुळे जिल्ह्यात जन्मलेले व नागपुरात वाढलेले हरीश साळवे यांनी एक रुपया मेहनताना घेऊन हे प्रकरण चालविले, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. त्यांनी मागितलेल्यापैकी काय मिळाले व काय मिळाले नाही, याची यादी मात्र ज्या १४९ व्या, म्हणजे अखेरच्या, परिच्छेदात आहे, तिथवर जाऊन पोचणारा वाचक विरळा.

राजकारण, खटले आणि परदेशांतील युद्धे या तीन विषयांवर आजचा मराठी माणूस जितका वाद घालतो तितका तो अन्य कशावर घालीत नसेल, आणि तो बहुतेक सर्व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घालतो. त्याविषयी सर्वसाधारण तक्रार अशी की, या वादांत सभ्यता उरली नाही. प्रस्तुत लेखकाला ही तक्रार दुय्यम वाटते. शिवराळपणा आपल्या सार्वजनिक जीवनाला नवा नाही. गेल्या शतकातील कित्येक थोर संपादकांची एकमेकांवरील टीका आज छापली तर तिच्यावर फौजदारी होईल. खरे दुखणे निराळे आहे. काय ठरले, ते कोणी ठरविले आणि प्रकरणाच्या कोणत्या पायरीवर ठरविले, या तीन प्रश्नांना बगल देऊन आपण एकदम 'जिंकले कोण' या चौथ्या प्रश्नावर उडी घेतो. आणि त्यातही दैवदुर्विलास असा की, पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या दस्तऐवजांत असतात ते आज जितके सुलभ आहेत तितके पूर्वी कधीच नव्हते.

हेगचेच उदाहरण पुढे चालवू. त्या एका शहरात दोन न्यायालये आहेत. त्यांतले एक राष्ट्राराष्ट्रांतील तंटे ऐकते, आणि दुसरे, म्हणजे २००२ साली अमलात आलेल्या रोम संविधीने निर्माण केलेले आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, व्यक्तींवर खटले चालविते. पुतिन यांच्यावर मार्च २०२३ मध्ये व नेतान्याहू यांच्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये अटकेचे वॉरंट काढले ते या दुसऱ्याने. दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये अर्ज केला तो पहिल्याकडे. दोहोंची सरमिसळ करून घातलेले वाद आपण सर्वांनी पाहिले आहेत. २६ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या न्यायालयाने गाझासंबंधी जो आदेश दिला तो अंतरिम होता. नरसंहार झाला की नाही याचा निवाडा त्यात नव्हता, युद्धबंदीचा हुकूमही त्यात नव्हता. होते ते एवढेच की, पॅलेस्टिनी जनतेच्या ज्या हक्कांच्या रक्षणाची मागणी केली आहे ते हक्क सकृद्दर्शनी ग्राह्य आहेत, सबब अमुक अमुक गोष्टी इस्रायलने कराव्यात व अमुक टाळाव्यात. काही महिन्यांनी न्यायालयाच्या माजी अध्यक्षा जोन डोनोह्यू यांना एका मुलाखतीत हा भेद स्वमुखाने स्पष्ट करावा लागला. त्याआधी, युक्रेनने रशियाविरुद्ध केलेल्या अर्जावर मार्च २०२२ मध्ये आदेश झाला, तेव्हा त्या पहिल्या न्यायालयावरील भारतीय न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांनी बहुमताबरोबर राहून रशियाच्या विरोधात मत दिले, आणि आमच्याकडे 'भारताने रशियाची साथ सोडली' असा गलका उठला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत त्याच महिन्यात तटस्थ राहिला होता. भंडारी हे एके काळी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, हे ज्यांना आठवत होते त्यांना तरी न्यायाधीश हा सरकारचा मुखत्यार नसतो, हे सांगावे लागू नये.

परंतु हेग दूर आहे, आणि परक्यांच्या खटल्यांत गफलत झाली तर ती क्षम्य मानता येईल. मुंबईच्या सत्तेचा खटला तर आपल्या डोळ्यांसमोर चालला. न्यायालयीन कामकाजाचे थेट प्रक्षेपण व्हावे हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी मान्य केले, आणि चार वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२२ पासून, घटनापीठांपुढील सुनावण्या कोणालाही घरबसल्या पाहता येऊ लागल्या. त्या पहिल्याच दिवशी दिसलेल्या प्रकरणांत शिवसेनेतील फुटीचे प्रकरण होते, हा योगायोग महाराष्ट्राच्या वाट्यास आला. न्यायालय म्हणजे चित्रपटातील हातोडा आपटणारे गृहस्थ, अशी ज्यांची समजूत, त्यांना प्रथमच पाच न्यायमूर्ती, पुढ्यात कागदांचे ढीग, राज्यघटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या, परिशिष्टाच्या दुसऱ्या परिच्छेदावर तासन् तास चाललेला कीस आणि मधूनच मारलेला एखादा विनोद हे सर्व दिसले. आणि कपिल सिब्बल, अभिषेक मनू सिंघवी, साळवे, नीरज किशन कौल ही नावे चहाच्या टपरीवर क्रिकेटपटूंच्या नावांसारखी घेतली जाऊ लागली. हा लोकशिक्षणाचा एक अपूर्व प्रसंग होता, हे निःसंशय.

तथापि याच सुनावणीने एक नवा रोगही जडविला. न्यायाधीश युक्तिवाद ऐकताना जे प्रश्न विचारतात ते वकिलाची भूमिका ताणून पाहण्यासाठी असतात. १५ मार्च २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी राज्यपालांच्या वतीने उभ्या राहिलेल्या तुषार मेहता यांना कठोर प्रश्न केले. एखाद्या पक्षातील अंतर्गत असंतोष हे सरकारला बहुमत सिद्ध करावयास लावण्याचे कारण कसे होऊ शकते, असा त्यांचा रोख होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठाकरे पक्षाच्या वकिलांना विचारले की, ज्या मुख्यमंत्र्यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिला त्यांना न्यायालयाने पुन्हा पदावर कसे बसवावे? पहिल्या दिवसाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा एका गोटात फिरला, दुसऱ्या दिवसाचा दुसऱ्या गोटात. आणि 'ताशेरे', 'दणका', 'चपराक', 'दिलासा' या चार शब्दांच्या भांडवलावर आमच्या वृत्तवाहिन्यांनी दोन्ही दिवस साजरे केले. या शब्दांचा गुण असा की, काय हुकूम झाला हे त्यांतून अणुमात्र न कळता कोणी खूश व्हावे एवढे मात्र कळते. पुढची तारीख पडली तरी तो 'दिलासा' असतो. शेरा आणि आदेश यांच्यामधील अंतर आमच्या मोफसल कोर्टातील कारकुनालाही कळत असे. तोंडी शेऱ्याची नक्कल मिळत नाही, आदेशाची मिळते, एवढी साधी कसोटी त्याला पुरत असे.

११ मे २०२३ रोजी निकाल आला, एकशे एक्केचाळीस पृष्ठांचा, एकमताचा. त्यात राज्यपालांनी बहुमत चाचणीचे पाचारण करणे समर्थनीय नव्हते असे ठरले. भरत गोगावले यांच्या प्रतोदपदास विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरली, कारण प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ गटाचा नसून राजकीय पक्षाचा आहे. परंतु उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता २९ जून २०२२ रोजी राजीनामा दिला असल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही, हेही ठरले. नबाम रेबिया या जुन्या निर्णयातील एक मुद्दा सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. आणि ज्या एका प्रश्नावर वर्षभर मित्रामित्रांत अबोला धरला गेला होता, म्हणजे फुटून निघालेल्या गटाचे सोळा आमदार अपात्र की पात्र, त्यावर न्यायालयाने काहीच ठरविले नाही. ते काम अध्यक्षांनी वाजवी मुदतीत करावे, असे सांगितले. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी झाला व त्यांनी दोन्ही बाजूंच्या एकाही आमदारास अपात्र ठरविले नाही. ११ मेच्या सायंकाळी उभय पक्ष विजयी मुद्रेने छायाचित्रकारांपुढे उभे होते, यात म्हणून आश्चर्य नाही. हेगचाच प्रकार मुंबईत झाला.

आता कोणी म्हणेल की, निकालपत्रे वाचणे हे वकिलांचे काम, सामान्यांनी ते का करावे? या प्रश्नाचे उत्तर मराठी पत्रव्यवसायाच्या इतिहासातच आहे. १९०८ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्यांनी स्वतःच्या बचावाचे भाषण एकवीस तासांहून अधिक केले. आणि नऊ पंचांपैकी सातांनी दोषी ठरविल्यावर न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्या खटल्याचा अक्षरशः वृत्तांत न. चिं. केळकरांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. साक्षी, दाखल केलेले कागद, सरकारी वकिलांचे भाषण, न्यायमूर्तींचे पंचांस निवेदन, सारे त्यात आहे. टिळकांच्या विरुद्ध जे बोलले गेले तेही आहे. वाचकाने स्वतः मत बनवावे, एवढी त्याची लायकी संपादकाने गृहीत धरली होती.

तरीपण तो काळ सोन्याचा होता असे मानण्याचे कारण नाही. 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघाली आणि दीड वर्षात त्यांचे दोन्ही चालक तुरुंगात गेले, ते एका बनावट कागदावरून. कोल्हापूरचे अल्पवयीन महाराज चौथे शिवाजी यांना वेड लागले आहे असे भासवून त्यांचा छळ होत आहे, असा संशय महाराष्ट्रात बळावला होता. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांचा त्यात हात असल्याचे दर्शविणारी काही पत्रे संपादकांच्या हाती आली. आणि अंतःकरण आधीच पेटलेले असल्यामुळे ती अस्सल की नक्कल याची रुजुवात पुरेशी न करता मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे खोटी ठरली, संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. खटला चालू असता जामिनाची दहा हजारांची रक्कम जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी भरली होती. राजकीय मतभेद पाहता ही गोष्ट आजच्या वादपटूंनी अधूनमधून आठवावी. आगरकरांनी पुढे 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' लिहिले. महाराजांचा मृत्यू मात्र पुढच्याच वर्षी अहमदनगरच्या किल्ल्यात, एका गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत झाला. म्हणजे मूळ काळजी अनाठायी नव्हती, पुरावा खोटा होता.

हा शेवटचा प्रकार फार विचार करण्याजोगा आहे. बनावट कागद शत्रूच्या गोटातून आला तर आपण तो चारदा उलटून पाहतो; ज्याची आपल्याला मनापासून तळमळ असते त्या बाजूने आला तर डोळे मिटून पुढे धाडतो. आजचा 'स्क्रीनशॉट' ही त्या कोल्हापुरी पत्रांचीच जात आहे. युद्धाच्या दिवसांत तर तिचे पेव फुटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी लिहिलेली युद्धविषयक लेखमाला मराठी वाचकांनी आवडीने वाचली. तो लेखक पुण्यात बसून, तारेने आलेल्या आणि सरकारी चाळणीतून गळालेल्या बातम्यांवरून रणांगणाचा अदमास बांधीत असे, आणि बातमी व अदमास यांतील रेषा त्याच्या वाचकाला दिसत असे. आता चित्रच हाती येते, आणि चित्र आले की अदमासाची गरज संपली असे वाटते. मे २०२५ मध्ये भारत व पाकिस्तान यांच्यात संघर्ष पेटला असता एका रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची वार्ता समाजमाध्यमांवरच नव्हे, दूरचित्रवाणीवरही फिरली, आणि सकाळी बंदर जागच्या जागी होते. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस फिरलेल्या 'युद्धदृश्यां'त जुनी चित्रे होती, अन्य देशांतील स्फोट होते आणि संगणकीय खेळांतील लढायाही होत्या.

या खेळांविषयी एक माहिती रंजक आहे. 'आर्मा ३' नावाचा एक युद्धखेळ चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह ही कंपनी बनविते. युक्रेनमधील युद्धाची म्हणून या खेळातील दृश्ये इतकी पसरली की, नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीलाच निवेदन काढून, आमचा खेळ ओळखावा कसा याच्या खुणा जगाला सांगाव्या लागल्या. दृश्य अतिशय अस्पष्ट असते, कॅमेरा मुद्दाम हलविलेला असतो, काळोख असतो, आवाज बहुधा काढून टाकलेला असतो. माणसे क्वचितच दिसतात, कारण यंत्रे हुबेहूब काढता येतात, माणसाचे चालणे तितके साधत नाही. आणि धूर व धूळ काहीशी अस्वाभाविक वाटते. एवढ्या गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी दिवाळीच्या सुटीतले निदान दोन तंटे वाचतील.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १७ जुलै २०१४ रोजी मलेशियाचे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर पाडले गेले व दोनशे अठ्ठ्याण्णव माणसे मरण पावली. ते बुक जातीच्या क्षेपणास्त्राने पाडले, आणि तो क्षेपक कोणत्या मार्गाने आला व गेला, हे शोधण्यात बेलिंगकॅट या नावाने एकत्र आलेल्या हौशी शोधकांचा मोठा वाटा होता. त्यांनी काय केले? लोकांनी सहज काढलेली छायाचित्रे गोळा केली. त्यांतील दुकानांच्या पाट्या, विजेचे खांब, रस्त्याची वळणे उपग्रहचित्रांशी जुळविली. सावलीच्या लांबीवरून व दिशेवरून वेळ काढली. आणि प्रत्येक पायरी अशी मांडली की, विरोधकालाही ती तपासून पाहता यावी. अधिकृत तपास अर्थातच स्वतंत्रपणे झाला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिघांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरविले व चौथ्याची सुटका केली. घरबसल्या केलेला वाद इतका काटेकोर होऊ शकतो. तो रागाच्या भरात होत नाही, एवढेच.

वाद काटेकोर कसा असावा याची घडण आपल्या परंपरेत फार प्राचीन आहे, आणि तिच्याकडे आपण केवळ अभिमानाने पाहतो, उपयोगासाठी पाहत नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे चर्चेचे, वाद, जल्प व वितंडा हे तीन प्रकार सांगितले आहेत, इतके पुष्कळांना ठाऊक असते. प्रमाण व तर्क यांच्या आधारे सत्य शोधणे तो वाद, जिंकण्यासाठी छलादि उपायही वापरणे तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा केवळ पाडणे ती वितंडा. गौतम या शेवटच्या दोहोंचा सर्वस्वी निषेध करीत नाही. कोवळ्या अंकुराभोवती काट्यांचे कुंपण घालावे तसा त्यांचा उपयोग तत्त्वाच्या रक्षणासाठी करावा, असे तो म्हणतो. आमच्याकडे कुंपण भक्कम आहे. आत काय लावले होते याचा विसर पडला आहे.

पण खरी मौज पाचव्या अध्यायातील निग्रहस्थानांत आहे. वादात पराभूत झाल्याची ही बावीस स्थाने, आणि ती वाचताना ग्रंथकाराने परवाचा आपला कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुप पाहिला असावा असा भास होतो. राज्यपालांची कृती कायदेशीर होती, असे म्हणून आरंभ केला, निकालपत्र दाखविल्यावर 'सरकार तर टिकले ना' असे म्हटले, म्हणजे मूळ विधान सोडून दुसरे धरले; हे प्रतिज्ञान्तर. प्रस्तुत विषयाशी संबंध नसलेले बोलत सुटणे हे अर्थान्तर. सभेला समजलेले व तीनदा सांगितलेले प्रतिपक्षाचे म्हणणे ज्याला उच्चारून दाखविता येत नाही त्याचा पराभव अननुभाषणाने होतो. आजच्या एकूणएक वादांना एवढा एकच नियम लावला, म्हणजे उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावे लागले, तर निम्मे वाद तिथेच मिटतील आणि उरलेले बरेच सुधारतील. आणि सर्वांत मनोहर ती मतानुज्ञा: आपल्या पक्षावर ठेवलेला दोष नाकारायचा नाही, 'तोच दोष तुमच्यातही आहे' असे म्हणायचे. आणीबाणी म्हटले की गुजरात, गुजरात म्हटले की दिल्ली, गाझा म्हटले की युक्रेन, युक्रेन म्हटले की इराक. 'तेव्हा कुठे होता तुम्ही?' हा आजच्या मराठी वादाचा पालुपदासारखा येणारा प्रश्न, जो नैयायिकांच्या दृष्टीने प्रश्न नसून कबुलीजबाब आहे. दुसऱ्याच्या घरालाही आग लागली आहे, एवढ्याने आपले घर विझत नाही, हे त्यांनी शास्त्रात बसविले.

मात्र त्या पद्धतीला एक आवश्यक अंग होते, सभेचे. वादी व प्रतिवादी यांच्याखेरीज मध्यस्थ असत, परिषद असे, आणि निग्रहस्थान घडले तरी प्रतिवाद्याच्या ते ध्यानात न आल्यास त्याचीही नोंद परिषदेने घ्यावी असे न्यायसूत्रांचा भाष्यकार सांगतो. आपल्या आजच्या वादांत श्रोते लाखांनी आहेत, परंतु परिषद नाही. जो तो अंगठा दाखवून पुढे जातो.

परिषदेची ही जागा भरून काढण्याचा प्रयत्न सरकारने मधूनमधून केला आहे, आणि त्याचा इतिहास फारसा स्पृहणीय नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्या घटनेच्या पार्श्वभूमीवर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने केलेल्या अर्जावरून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. तरीही पोलिस ठाण्यांतून त्या मृत कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केले. सरकारी कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारच्याच एका कक्षाने ठरवावे, अशी माहिती तंत्रज्ञान नियमांतील २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयापुढे आली तेव्हा दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, व तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरविल्यावर ती रद्द झाली.

चालू खटल्यांवर बोलावे की नाही, याविषयीही लोकांत विनाकारण भीती आहे. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार, अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणाच्या गुणावगुणांवर रास्त टीका करणे हा अवमान होत नाही. निषिद्ध आहे ते चालू न्यायदानात अडथळा आणणे. जानेवारी २०२१ मध्ये, एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर उसळलेल्या गदारोळाच्या संदर्भात, मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तवाहिन्यांना जी पथ्ये घालून दिली त्यांतले एक असे की, आरोपीने पोलिसांपुढे दिलेला तथाकथित कबुलीजबाब हा जणू ग्राह्य पुरावा आहे असे भासवून प्रसिद्ध करू नये. कारण असा जबाब न्यायालयात शाबीत धरला जात नाही, हा आपल्या पुराव्याच्या कायद्याचा शतकाहून जुना नियम आहे. 'आरोपीने कबूल केले' या बातमीवर रात्रभर भांडणाऱ्यांनी तो नजरेखालून घालावा.

आणि ज्याच्या मानेवर या सर्व वादांचे जोखड आहे त्या 'ॲडमिन'चे काय? गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रुपमधल्या सभासदाने एका महिलेविषयी अश्लाघ्य मजकूर लिहिला आणि ॲडमिनने त्याला काढले नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. सभासदाला आत घेणे वा बाहेर काढणे याहून फारसा अधिकार ॲडमिनजवळ नसतो, मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो तपासणे त्याच्या हातात नसते; सबब समान हेतू वा पूर्वनियोजित कट दिसल्याखेरीज दुसऱ्याच्या लेखनाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यानंतर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची सोय करून दिली. पुसण्याचा अधिकार हाती असता ज्याने तो वापरला नाही, अशा ॲडमिनला नागपूरच्या त्या निकालाचा आधार पूर्वीइतकाच मिळेल काय, हा वाद आता ज्याला घालायचा असेल त्याने घालावा. निकालपत्र न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे.